वरच्या बाईची मुदत संपलेली गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तिनं गाडी माझ्या खिडकीखाली लावली. ती म्हणजे वरच्या मजल्यावरची, शाळेत खेळ शिकवायची ती. निवृत्त झाली तरी गळ्यातली शिट्टी घशात उतरून बसलेली आहे. पायरीवरून बोलली तरी गच्चीवरचे कपडे हलतात. मी तिला शिट्टी म्हणतो. तोंडावर नाही, इथे.

खिडकी उघडून मी म्हटलं, "बाई, धूर थेट माझ्या ताटात येतो."

तर म्हणते, "ताट जरा सरकवा की, साहेब. गाडीपेक्षा हलकं असतं."

खालचे दोघेतिघे फिदीफिदी हसले. मला नाही सहन होत. वाहन नोंदणी कार्यालयात उभा जन्म काढला. माझ्या सहीशिवाय या गावात चाक फिरत नसे. आणि आता ही मला इमारतीच्या बैठकीत 'रिटायर्ड शिक्का' म्हणते, आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसतं.

पण तिला एक माहीत नाही. लोक गाडीचा रंग बघतात, मी नंबर बघतो. कुठली अक्षरं कुठल्या महिन्यात सुटली ते मला अजून तोंडपाठ आहे. पाटी वाचली की गाडीची जन्मतारीख कळते. शिट्टीच्या त्या शिळ्या मोसंबीच्या रंगाच्या डबड्याचा नंबर माझ्याच टेबलावरून गेलेला. नोंदणीची मुदत याच महिनाअखेर संपते.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना सांगा ना आधी."

हिचं डोकं असंच चालतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगायची गरजच पडली नाही, शिट्टी आपल्या पायांनी आली. हातात कागदांची पिशवी, पायात ते खेळाच्या मैदानावरचे बूट. म्हणाली, "साहेब, गाडीची नोंदणी पुन्हा करायची आहे. कुठल्या दिवशी जावं? तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

गरज पडली की गाढवालाही साहेब म्हणतात. बायकोनं लगेच चहा टाकला, वर बिस्किटंही काढली. माझ्यासाठी काढत नाही.

मी चष्मा लावून एकेक कागद पाहिला. विमा ठीक. धुराचा दाखला ठीक. बाकी होती फक्त गाडीची तपासणी. मी म्हटलं, "सोमवारी जा. सकाळी लवकर. गाडी घेऊन थेट तपासणीच्या मैदानावर."

"सोमवारी? नक्की?"

"मी तिथे जन्म काढलाय, बाई."

सोमवारी मैदान बंद असतं. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. जाऊ दे, येऊ दे. जरा पाय मोकळे होतील, खेळाची बाई आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

गेली आणि हात हलवत परत आली! मी खिडकीतच बसलो होतो. गाडीतून उतरली, वर बघितलं. शिट्टी वाजलीच नाही. जन्मात पहिल्यांदा. दुपारचं जेवण मला आज फार गोड लागलं.

बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, "मैदान सोमवारी बंद असतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत असतं."

"हो," ती म्हणाली. "तेच तर."

मग आमटी न वाढताच आत गेली. बायकांच्या बोलण्यात अर्थ शोधत बसलं तर दिवस पुरणार नाही.

शिट्टीनं पुढच्या तपासणीसाठी नाव घातलंय म्हणे. त्या मैदानावर आता रांग अशी की तिची पाळी यायला एप्रिल उजाडेल. आणि मुदत संपते याच महिन्यात. सुंठीवाचून खोकला गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बायकोनं वाचनालय लावलं आहे. या वयात! रोज दुपारी पिशवी घेऊन जाते. मी म्हटलं, घरात वर्तमानपत्र येतं ते पुरत नाही का? म्हणाली, "त्यात शेवटी काय होतं ते कळत नाही." पुस्तक मात्र आठवडाभर एकच आणतेय. सावकाश वाचणारी आहे.

वाचनानं एक बरं झालंय, हिला प्रश्न पडायला लागलेत. काल जेवताना म्हणाली, "अहो, चौकातल्या गोल बागेला वळसा घालताना आधी कुणी जायचं? आत असलेल्यानं की बाहेरून येणाऱ्यानं?" मी चमच्यानं, वाटीनं, मिठाच्या बरणीनं सगळं मांडून दाखवलं. इतकं लक्ष देऊन ऐकलंन की मला आमच्या लग्नानंतरचे दिवस आठवले. तेव्हा ती माझं सगळं असंच ऐकायची.

आज दुसरा प्रश्न. "वाचनालयात एक बाई विचारत होत्या. नोंदणीची मुदत संपलेली गाडी चालवली तर दंड कुणाला?"

मी म्हटलं, "दोघांना. चालवणाऱ्यालाही आणि मालकालाही. पहिल्यांदा सापडले तर दंड, पुन्हा सापडले तर त्याहून मोठा. अधिकाऱ्याला वाटलं तर गाडी तिथल्या तिथे जप्त. शिवाय वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते."

"आणि एखादीला फार गरज असली तर?"

"गरज हा शब्द कायद्यात नाही."

तिनं मान डोलावली आणि मिठाची बरणी जागेवर ठेवली.

१ मार्च, शनिवार

संपली मुदत. सकाळी उठून आधी खिडकीतून पाहिलं. मोसंबी डबडं खाली उभं, आणि कायद्याच्या दृष्टीनं आता ते वाहनच नाही, पत्र्याचं कपाट आहे.

तरी घाई उपयोगाची नाही. इमारतीच्या आवारात उभ्या गाडीला कुणी हात लावू शकत नाही, आवार खासगी. गुन्हा होतो तो सार्वजनिक रस्त्यावर चाक टेकलं की. म्हणजे तिला रस्त्यावर पकडायला हवं.

लांब्याला फोन केला. लांब्या माझ्या हाताखाली उमेदवारीला आला तेव्हा त्याला अर्जाची घडी घालता येत नव्हती. आता भरारी पथकाचा प्रमुख आहे. म्हणाला, "साहेब, एका जुन्या गाडीसाठी पथक? सोडून द्या हो, एप्रिलमध्ये पाळी आहे ना त्यांची."

मी म्हटलं, "तुला काम मी शिकवलं. काय शिकवलं?"

"नंबर बघायचा, तोंड बघायचं नाही," लांब्या म्हणाला.

"मग?"

"उभा राहतो, साहेब."

६ मार्च

लांब्या मोठ्या रस्त्यावर अर्धा दिवस उन्हात उभा राहिला. शिट्टी आलीच नाही. गाडी मात्र आवारात नव्हती! मागच्या फाटकानं जाते, नदीकडच्या मोकळ्या रस्त्यानं. तिकडे काय आहे? काहीच नाही. दुपारी जाते, संध्याकाळच्या आत येते. वाचनालय सुटायच्या सुमाराला.

बायकोला म्हटलं, "तू जातेस त्याच वेळी ती जाते. कुठे वळते ते बघून ठेव."

म्हणाली, "मी पुढे बघत असते."

घरात एक माणूस कामाचा नाही.

१२ मार्च

शिट्टी हल्ली फार खुशीत दिसते. जिन्यात भेटली की "काय साहेब!" असं म्हणते जणू काही मलाच कुणी फसवतंय. चोराच्या उलट्या बोंबा.

बायकोलाही काहीतरी झालंय. जेवायला बसली की टेबलाखाली तिचा उजवा पाय सारखा दाबला जातो. एकदा माझ्याच पायावर पडला, कळवळलो. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, "गोळा येतो." डॉक्टरकडे जा म्हटलं तर हसली. तिच्या बाहीला लाल चिकटपट्टीचा तुकडा चिकटला होता. वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे घालतात म्हणे, ही मदत करते. तिथे फुकट राबायचं आणि घरात माझ्या सदऱ्याचं बटण पंधरवडाभर तसंच.

परवा आम्ही बसनं बँकेत गेलो. मला खिडकी दिली आणि स्वतः चालकाच्या मागे दांडा धरून उभी राहिली, सगळा वेळ. बसायला जागा होती. वयाबरोबर माणसाचं काय काय होतं.

१९ मार्च, बुधवार

आज घरात मोठं भांडण. विषय नेहमीचाच, पोरगी.

लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी माझ्यावर ढकलायला नको. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा तो जावई आपली मालवाहू गाडी घेऊन आमच्याकडे जेवायला आला. खाली गाडी लागली, माझी नजर गेली. नजर आहे, जाणारच. मी सहज कागद मागितले. विमा संपलेला! मी सगळ्यांसमोर सांगितलं, कारण सगळ्यांसमोरच तो वाढून घेत होता. तो ताटावरून उठला. म्हणाला, "पाहुण्याची गाडी कुणी तपासतं का?" मी म्हटलं, पाहुणा बिनविम्याचा आला तर तपासतात. पोरगी त्याच्यामागोमाग गेली. लग्न त्यांनी तिकडेच उरकलं. माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल नाही, मी एकदाच सांगितलं आणि तिनं एकदाच ऐकलं. हट्टी आहे. कुणावर गेली कोण जाणे.

आता तिचे दिवस भरत आलेत. घाटावरच्या त्या गावी राहते, बस अर्ध्या चढापर्यंतच जाते, पुढे ज्याचं वाहन त्याचा रस्ता. बायको म्हणाली, "भाड्याची गाडी करून मला तिथे पोचवा. तुम्ही आत येऊ नका हवं तर, बाहेर थांबा."

मी म्हटलं, "माझ्या घरातून तिकडे कुणी जाणार नाही."

"तिचं मूल आडवं आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करावं लागेल."

"तिनं फोन करावा. मी उचलीन."

"तुम्ही उचलाल," ती म्हणाली, "आणि कागद मागाल."

मग मी थोडा मोठ्यानं बोललो. काय बोललो ते लिहिण्यात अर्थ नाही. ती ऐकत उभी होती. मग "बरं" म्हणाली. वाद संपला. एवढ्या लवकर ती कधी हरत नाही, म्हणजे तिलाही पटलं असणार.

२८ मार्च, शुक्रवार

आज मला माझ्या नशिबावर विश्वास बसेना. शिट्टी खाली गाडीला न्हाऊ-माखू घालतेय! टायरमध्ये हवा, काच पुसली, पाण्याच्या बाटल्या, मागच्या सीटवर उशी आणि घडी घातलेली दुलई. आणि रखवालदाराला तिच्या त्या मैदानी आवाजात सांगते, "उद्या पहाट फुटली की निघायचंय, घाटावर जायचंय, मागचं फाटक उघडं ठेव."

घाटावर जायला रस्ता एकच, आणि पायथ्याला नाका. आयती जाळ्यात येतेय.

लांब्याला फोन केला. तो कुरकुरला, पण म्हणाला, "साहेब, तक्रार तुमची आहे तर साक्षीदार म्हणून सही लागेल. या तुम्ही, जीप पाठवतो." किती वर्षांनी सरकारी जीपमध्ये बसणार! निळा सदरा काढून ठेवला. बटण स्वतःच लावलं, वाकडं बसलं.

बायको उद्या तिच्या बहिणीकडे चाललीय, चार दिवस. मला सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, जा की, मला काय. बरंच झालं, नाहीतर सकाळी कुठे निघालात, कशाला निघालात, शंभर चौकशा.

रात्रीचं जेवण तिनं फार चांगलं केलं होतं. पुढच्या चार दिवसांचंही करून डबे लावून ठेवलेत, प्रत्येकावर कुठल्या वेळेचा ते सांगितलं. मी म्हटलं, मी काय लहान आहे? म्हणाली, "नाही हो. लहान माणूस शिकतं तरी."

२९ मार्च, शनिवार

लिहितो. जसं झालं तसं.

नाक्यावर आम्ही सकाळीच पोचलो. लांब्या, त्याचे दोन शिपाई, टोइंगची गाडी बाजूला. मी जीपमध्ये पुढे बसलो होतो. उन्हं वर आली तशी मोसंबी गाडी वळणावर दिसली. सावकाश, आपल्या बाजूनं, अगदी शिस्तीत. मला जरा आश्चर्य वाटलं. शिट्टी अशी चालवत नाही, ती गाडी हाकते.

पुढच्या नंबरपाटीशेजारी लाल पट्टीनं शिकाऊ चालकाची खूण लावलेली. मनात म्हटलं, वा, म्हणजे आणखी एक गुन्हा, कुणाला तरी शिकवतेय. शिपायानं हात केला. गाडी नीट बाजूला थांबली, ब्रेक ओढल्याचा आवाज आला, इंजिन बंद झालं. मी जीपमधून उतरलो. घाई केली, गुडघा लचकला.

चालकाच्या जागेवर माझी बायको होती.

शेजारी शिट्टी, मांडीवर फळांची पिशवी.

मला आधी वाटलं मी चुकीच्या गाडीपाशी आलो. मी नंबर पाहिला. खरंच पाहिला, दोनदा. नंबर तोच होता.

बायकोनं काच खाली केली. तिला माझ्याइतकं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती मला, मग जीपला, मग टोइंगच्या गाडीला बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही स्वतः आलात?"

मी म्हटलं, "तू बहिणीकडे चालली होतीस."

"आज दुपारी पोरीचं ऑपरेशन आहे. ती आत जाण्याआधी मी यायला हवं असं म्हणालीय."

लांब्या मला बाजूला घेऊन गेला. घाम पुसत कुजबुजला, "साहेब, वहिनी आहेत हो! मी ही गाडी बघितलीच नाही समजा. जाऊ दे त्यांना. वर पोचल्या की गाडी तिथेच ठेवायला सांगतो."

मी काय बोललो ते मला ऐकू येत होतं, थांबवता येत नव्हतं. शिपाई बघत होते. शिट्टी बघत होती. आज मी 'जाऊ दे' म्हटलं असतं तर उद्या इमारतभर झालं असतं की शिक्क्याची शाई वाळली. मी म्हटलं, "चालवणारा आणि मालक, दोघांवर. गाडी जप्त."

"साहेब."

"तोंड बघायचं नाही, मी काय शिकवलं?"

लांब्यानं माझ्याकडे जसं बघितलं तसं त्यानं आधी कधी बघितलं नव्हतं.

बायको उतरली. एका शब्दानं विनवलं नाही. मला वाटलं होतं, ती एकदा तरी 'अहो' म्हणेल. म्हणाली असती तर कदाचित... नाही, लिहीत नाही, म्हणाली नाही ती. पर्समधून शिकाऊ परवाना काढून लांब्याला दिला. लांब्यानं नाव मोठ्यानं वाचलं आणि थबकला. माहेरचं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावरचं. माझ्याच जुन्या कार्यालयातून काढलेला परवाना, आणि कुणाला कळलंही नाही की ही कुणाची बायको.

"नाव बरोबर आहे, भाऊ," ती लांब्याला म्हणाली. "दंड माझ्या नावावर लिहा. बाईंना मीच सांगितलं होतं मला शिकवा म्हणून. मुदत संपल्याचंही मला माहीत होतं. दोघांना दंड होतो, हे मी विचारून घेतलं होतं."

कुणाला विचारून घेतलं, ते तिनं सांगितलं नाही.

सही झाली. माझीही, साक्षीदाराच्या जागी. मग ती पर्स खांद्याला लावून चढाच्या रस्त्यानं चालायला लागली. चालत! त्या चढावर! शिट्टी मागून ओरडली, "अहो थांबा, तुमची चप्पल तरी बघा!" तेव्हा लांब्यानं शिपायांना काहीतरी सांगितलं, जीपमध्ये बसला, पुढे जाऊन तिच्याजवळ थांबला आणि तिला आत घेतलं. मला आणणारी जीप मला तिथेच ठेवून वर गेली.

मी परत आलो टोइंगच्या गाडीत. पुढे एकच बाक. चालक, मध्ये मी, कडेला शिट्टी. मागे तिची गाडी साखळीला लटकलेली.

मग ती म्हणाली, "सोमवारी मैदान बंद असतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मंगळवारी पाठवलं असतंत तर आज गाडीचे कागद नवे असते."

मी म्हटलं, "तुम्ही मला शिक्का म्हणालात."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता शिट्टी वाजणार. ती हळूच म्हणाली, "तेवढ्यासाठी?" आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार

मी चुकलो नाही. पुन्हा पुन्हा विचार केला. मुदत संपलेली होती, रस्ता सार्वजनिक होता, चालक जाणूनबुजून चालवत होता. एकाही मुद्द्यावर मी चूक नाही.

डबा उघडला. जेववलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

फोन नाही. मी करणार नाही. तिनं करावा.

दुपारी वाजला तेव्हा धावलो, गुडघा पुन्हा गेला. लांब्या होता.

"साहेब, अभिनंदन. मुलगी झाली. नात तुमची."

मी विचारलं, "दोघी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. वहिनी वेळेवर पोचल्या. पोरगी आत जायच्या आधी हात धरायला मिळाला त्यांना." मग म्हणाला, "वहिनी म्हणाल्या होत्या, साहेबांना कळवू नका. पण मला राहवेना."

मी फोन ठेवला. राग असा आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. आजोबाला कळवू नका! म्हणजे मी कोण, परका? सरकारी जीप खासगी कामाला वापरली, लांब्याची नोकरी जाईल असा गुन्हा आहे हा. तक्रार लिहायला बसलो. वरिष्ठांना. तारीख घातली, जीपचा नंबर घातला. मजकूर असा झाला: 'सदर अधिकाऱ्याने शासकीय वाहनातून अर्जदाराच्या पत्नीस अर्जदाराच्या मुलीकडे प्रसूतीसाठी पोहोचविले.' वाचून बघितलं. पुन्हा वाचलं. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी अर्जदाराला समोर बसवून विचारलं असतं, बाबा, तुझी तक्रार नक्की काय आहे?

कागद तसाच पडला आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

शिट्टीची पाळी होती. दंड भरून तिनं गाडी सोडवून घेतली, आणि टोइंगवाल्याकडूनच थेट मैदानावर नेली, एक चाक रस्त्याला न लावता. शिकली.

मीही गेलो, बसनं. कशाला गेलो माहीत नाही. कुंपणाबाहेर उभा राहिलो. आतला तपासनीस नवा होता, दिवे बघितले, ब्रेक बघितले, चेसिसवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. मी असतो तर मागच्या डाव्या टायरवर अडवलं असतं, जरा झिजलाय. त्यानं अडवलं नाही. गाडी पास.

शिट्टीनं मला पाहिलं. बोलवलं नाही, टोमणाही मारला नाही. हे नवीनच.

घरी येऊन चहा केला. साखर कुठे ठेवते ती, सापडली नाही.

११ मे, रविवार

आज ती आली.

मी खिडकीत होतो. मोसंबी गाडी पुढच्या फाटकानं आत आली, शिकाऊची लाल खूण निघालेली, आणि आत ती एकटी. मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये अशी लावली की मीही तोंडात बोट घातलं असतं. गाडी शिट्टीनं तिला वापरायला दिली आहे.

वर आली. "कशी आहेस" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "गुडघा दुखतो माझा."

"तेल कपाटात आहे, खालच्या खणात," ती म्हणाली आणि कपड्यांची बॅग भरायला लागली. मी दारात उभा. ती घडी घालत होती, मी बघत होतो. तिनं सांगितलं, घाटावर राहणार, पोरीला मदत हवी, तिथल्या शाळेच्या मुलांना नेण्या-आणण्याचं काम मिळतंय, बाईंची ओळख आहे. मी विचारलं, "किती दिवस?" म्हणाली, "बघू." मी विचारलं, "मूल कुणासारखं आहे?" ती पहिल्यांदा थांबली. म्हणाली, "कपाळाला तुमच्यासारख्या आठ्या आहेत. झोपेतही." आणि तिचं तोंड किंचित हललं, हसायला किंवा रडायला, मला कळलं नाही. मला ते कधीच कळलं नाही, आज हे कबूल करतो.

तेव्हा म्हणायचं होतं, मला ने. एवढंच. दोन शब्द. पोरीसमोर उभा राहतो, जावयाची माफी मागतो, हवं ते करतो. छातीत सगळं तयार होतं.

ती बॅग घेऊन खाली गेली. मी मागोमाग, एकेक पायरी धरून. रखवालदार जेवायला गेलेला, फाटक बंद. तिनं गाडी फाटकापाशी आणली. मी तिच्या खिडकीशी गेलो, वाकलो, आणि म्हटलं, "कागद दाखव."

मला वाटलं ती चिडेल. तिनं इंजिन बंद केलं. एकेक कागद काढून माझ्या हातात दिला. नोंदणी नवी, मुदत पुष्कळ पुढची. विमा चालू. धुराचा दाखला चालू. परवाना पक्का, त्यावर तिचा फोटो, सरळ समोर बघणारा. मी सगळं वाचलं, हळू, शेवटच्या ओळीपर्यंत. मनापासून वाटत होतं, एखादा तरी कमी निघावा. एक सही, एक तारीख, काहीही. गाडीला वळसा घातला. दिवे ठीक. मागचा डावा टायरही नवा घातला होता.

तिच्या शेजारची जागा रिकामी होती. बॅग तिनं मागे ठेवली होती.

"झालं?" ती म्हणाली.

मी कागद परत दिले. ती थोडा वेळ थांबली, दोन्ही हात चाकावर. खरंच थांबली. मीही उभा होतो. मग तिनं किल्ली फिरवली.

कागद सगळे बरोबर होते, अडवायला कारण नव्हतं. मी फाटक उघडलं. वळणावर तिनं दिवा दिला, वेळेवर दिला, आणि गेली.